शॉवर पडद्याचे अस्तर आणि हूक

शॉवर पडद्याचे अस्तर हा तुषारस्नानाच्या जागी, बाहेरील शोभेच्या पडद्याच्या आतल्या बाजूस टांगला जाणारा जलरोधक पडदा होय. स्नान करताना उडणारे पाणी बाथटबात किंवा शॉवरच्या चौकटीतच राहावे आणि ते जमिनीत वा भिंतीत मुरू नये, हे त्याचे मुख्य कार्य असते. अस्तर व पडदा ज्या आकड्यांनी अथवा कड्यांनी दांडीला अडकवले जातात, त्यांना शॉवर पडद्याचे हूक असे म्हणतात. बाथटबातच शॉवर बसवण्याची पद्धत अमेरिका व कॅनडा या देशांत सार्वत्रिक असल्याने तेथील बहुसंख्य घरांत या वस्तू आढळतात. युरोपात त्यांचा वापर काचेच्या आडोशांच्या जोडीने होतो. भारतात शहरी सदनिकांमध्ये स्नानगृहाचा ओला व कोरडा भाग वेगळा ठेवण्यासाठी त्या वापरल्या जातात.

खरेदी करताना पडद्याच्या रंगाकडे व नक्षीकडे अधिक लक्ष दिले जात असले, तरी पाणी अडवण्याचे काम प्रत्यक्षात अस्तर करते आणि त्याचा भार हूक वाहतात. अस्तराचे माप, द्रव्य व जाडी आणि हूकचा प्रकार व धातू यांची निवड दांडीची उंची, स्नानगृहातील वायुवीजन व पाण्याची कठीणता यांवर अवलंबून असते.

## संज्ञा

मराठीत कपड्याच्या आतून लावलेल्या दुसऱ्या कापडाला अस्तर म्हणतात. शॉवर पडद्याच्या आतील थरासही हीच संज्ञा लागू पडते. मात्र कोटाच्या अस्तराप्रमाणे तो बाहेरील पडद्याला शिवलेला नसतो. दोन्ही पडदे स्वतंत्र असतात, एकाच दांडीवर टांगले जातात आणि वेगवेगळे काढता येतात. अस्तर जलरोधक असल्यामुळे ते एकटेही वापरता येते. याउलट, सुती किंवा तागाचा शोभेचा पडदा अस्तराशिवाय वापरल्यास तो भिजतो, जड होतो आणि पाणी बाहेर झिरपू देतो.

पडद्याच्या वरच्या काठाला असलेल्या छिद्रांभोवती धातूची किंवा प्लॅस्टिकची गोल कडी बसवलेली असते. शिवणकामाच्या व्यवसायात तिला आयलेट म्हणतात. आयलेटविना नुसते छिद्र असलेले अस्तर ओढाताणीत त्या ठिकाणी लवकर फाटते.

## इतिहास

प्लॅस्टिकचा प्रसार होण्यापूर्वी शॉवरचे पडदे जाड सुती कापडाचे, रबराचा थर दिलेल्या कापडाचे किंवा तेल लावून जलरोधक केलेल्या रेशमाचे असत. सुती कापड पाणी शोषून घेई व कुजे, तर रबर काळाच्या ओघात कडक होऊन त्याला भेगा पडत.

इ.स. १९२६ मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ वाल्डो सेमन यांनी पॉलिव्हिनाइल क्लोराइड (पीव्हीसी) या ठिसूळ बहुवारिकात योग्य द्रव मिसळून ते लवचीक करण्याची रीत शोधली. या लवचीक पीव्हीसीच्या आरंभीच्या उपयोगांत पावसाळी कोट व शॉवरचे पडदे यांचा समावेश होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पीव्हीसीचे उत्पादन वाढून त्याची किंमत उतरली, तशी प्लॅस्टिकची अस्तरे सामान्य घरांत पोहोचली. बाहेर कापडी पडदा आणि आत प्लॅस्टिकचे अस्तर ही जोडी पुढे रूढ झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पीव्हीसीच्या आरोग्यविषयक व पर्यावरणीय परिणामांची चर्चा वाढल्याने क्लोरीनविरहित प्लॅस्टिकची व पॉलिस्टरची अस्तरे बाजारात आली.

## कार्य आणि मांडणी

बाथटबाच्या मांडणीत शोभेचा पडदा टबाच्या बाहेर, तर अस्तर टबाच्या आत सोडले जाते. अंगावरून व भिंतीवरून उडालेले पाणी अस्तरावर आदळून त्यावरून खाली ओघळते आणि टबातच पडते. अस्तर टबाच्या बाहेर राहिल्यास हेच पाणी जमिनीवर साचते.

उत्तर अमेरिकेतील अनेक घरांचा सांगाडा लाकडी असतो आणि भिंती जिप्समच्या तक्त्यांच्या असतात. तेथील स्नानगृहाच्या जमिनीला पाणी वाहून नेणारे तोंड व त्या दिशेचा उतार बहुधा नसतो. त्यामुळे वारंवार बाहेर पडणारे थोडे पाणीदेखील फरशीच्या सांध्यांतून खाली मुरते, लाकूड कुजवते, तक्त्यांच्या मागे बुरशी वाढवते आणि वरच्या मजल्यावर असल्यास खालच्या छतावर डाग पाडते. स्वस्त अस्तराच्या योग्य वापराने टळणारे हे नुकसान दुरुस्तीच्या वेळी मोठे खर्चिक ठरते.

पाणी प्रामुख्याने तीन ठिकाणांहून निसटते : पडदा व भिंत यांच्यामधील दोन्ही टोकांच्या फटींतून, खालच्या काठाजवळून आणि अस्तर आत ओढले गेल्यावर उघड्या पडणाऱ्या बाजूने. पुरेशी रुंदी, खालच्या काठात बसवलेली लोहचुंबके वा वजने आणि टोकांना भिंतीवर चिकटणारे चोषक चाप हे या त्रुटींवरील प्रचलित उपाय आहेत. लोहचुंबके लोखंडी किंवा एनॅमलचा थर दिलेल्या बिडाच्या टबालाच चिकटतात. ॲक्रिलिक अथवा काचतंतूच्या टबावर त्यांचा उपयोग केवळ वजन म्हणून होतो.

## मापे

अमेरिकेतील प्रमाणित बाथटब ६० इंच (सुमारे १५२ सेंमी) लांबीचा असतो. त्यासाठीचा पडदा सुमारे ७२ इंच रुंद व ७२ इंच लांब (१८३ × १८३ सेंमी) असतो आणि अस्तर ७० ते ७२ इंचांचे असते. पडद्याची रुंदी टबाच्या लांबीच्या सुमारे १.२ पट ठेवल्याने तो ताणला न जाता हलक्या चुण्यांसह बसतो. प्रचलित मापे पुढीलप्रमाणे आहेत :

* प्रमाणित बाथटब : ७२ × ७२ इंच, १२ छिद्रे.
* अरुंद शॉवर चौकट : ५४ × ७८ इंच किंवा ३६ × ७२ इंच.
* उंच दांडी : ७२ × ८४ इंच किंवा ७२ × ९६ इंच.
* चार पायांवर उभा असलेला मोकळा टब : सुमारे १८० इंच रुंद, लंबवर्तुळाकार दांडीसाठी.
* युरोपीय माप : १८० × २०० सेंमी.

बारा छिद्रांच्या पडद्यात लगतच्या दोन छिद्रांमध्ये सुमारे ६ इंच अंतर असते. पडदा व अस्तर यांच्या छिद्रांची संख्या समान असल्यास दोन्ही एकाच हूकमध्ये अडकवता येतात. संख्या वेगळी असल्यास एखादा थर तिरपा ओढला जातो.

लांबी ठरवताना दांडीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात. त्यातून हूकमुळे पडदा जितका खाली लोंबतो ते अंतर व जमिनीपासून सोडायची मोकळी जागा वजा करतात. उदाहरणार्थ, दांडी जमिनीपासून ७५ इंचांवर असून हूकमुळे पडदा २ इंच खाली येत असेल, तर ७२ इंच लांबीच्या पडद्याचा काठ जमिनीपासून १ इंच वर राहतो. हूकची लांबी बहुधा विचारात घेतली जात नाही. आखूड कडीच्या जागी लांब हूक लावल्यास तोच पडदा जमिनीवर लोळू शकतो.

अस्तराचा खालचा काठ टबाच्या कडेच्या बराच खाली, परंतु टबाच्या तळाला न टेकता राहणे योग्य मानले जाते. तळावर पसरलेला काठ सतत ओला राहतो, त्यावर बुरशी लवकर येते आणि पायाखाली आल्यास घसरण्याचा धोका असतो. प्लॅस्टिकच्या अस्तराचे धागे उसवत नसल्याने जादा लांबी कात्रीने सरळ कापता येते. विणलेल्या कापडाचा काठ मात्र कापल्यावर दुमडून शिवावा लागतो.

## अस्तराची द्रव्ये

### पॉलिव्हिनाइल क्लोराइड

पीव्हीसीचे अस्तर पूर्णतः जलरोधक, जड व स्वस्त असते. वजनामुळे ते सरळ लोंबते व कमी उडते. नव्या पीव्हीसी अस्तराला येणारा तीव्र वास त्यातून बाहेर पडणाऱ्या बाष्पनशील सेंद्रिय संयुगांमुळे येतो. कालांतराने प्लॅस्टिक मऊ ठेवणारी द्रव्ये कमी होत जाऊन अस्तर कडक होते आणि छिद्रांपाशी चिरते.

### पीईव्हीए आणि ईव्हीए

इथिलीन व व्हिनाइल ॲसिटेट यांच्यापासून बनणारी ही प्लॅस्टिके क्लोरीनविरहित असतात. ती स्वभावतःच लवचीक असल्याने त्यांना मऊ करण्यासाठी थॅलेट गटातील द्रव्ये मिसळण्याची गरज पडत नाही. त्यांचा वास पीव्हीसीपेक्षा सौम्य असतो. मात्र पातळ अस्तर हलके असल्याने आत उडते व लवकर फाटते. १८३ × १८३ सेंमी मापाच्या व ०.१ मिमी जाडीच्या पीईव्हीए अस्तराचे वजन सुमारे ३०० ग्रॅम भरते. त्याच मापाचे ०.२ मिमी जाडीचे पीव्हीसी अस्तर त्याच्या अडीच पटींहून अधिक जड असते.

### पॉलिस्टर आणि नायलॉन

घट्ट विणीच्या या कृत्रिम कापडांवर पाणी थेंबांच्या रूपाने ओघळते. ती धुलाई यंत्रात धुता येतात, लवकर वाळतात व अनेक वर्षे टिकतात. ती पूर्णतः जलरोधक नसून जलप्रतिकारक असतात. थेट व जोरदार धारेखाली त्यांतून काही ओल बाहेर येते, म्हणून शॉवरचे तोंड भिंतीकडे असणे इष्ट ठरते. काही कापडांवर पाणी झटकणारा रासायनिक लेप दिलेला असतो व तो धुण्यागणिक क्षीण होत जातो.

### नैसर्गिक तंतू

सुती, तागी व भांगेच्या तंतूंची कापडे बाहेरील पडद्यासाठी वापरली जातात. ती पाणी शोषतात, त्यामुळे अस्तर म्हणून वापरल्यास प्रत्येक स्नानानंतर पूर्ण वाळवावी लागतात. प्लॅस्टिक टाळू इच्छिणाऱ्या घरांत भांगेच्या कापडाचा असा उपयोग होतो. मात्र त्यासाठी चांगले वायुवीजन आवश्यक असते.

### जाडी

अमेरिकी बाजारात प्लॅस्टिकच्या अस्तराची जाडी गेज या एककात सांगितली जाते. आकडा जितका मोठा, तितके अस्तर जाड असते. तारेच्या गेजमध्ये याच्या नेमके उलट असल्याने गोंधळ होण्याची शक्यता असते. ३ गेजचे अस्तर पातळ, तर ८ ते १० गेजचे अस्तर जाड समजले जाते. जाड अस्तर कमी उडते व अधिक टिकते. मात्र ते जड असल्याने त्याला मजबूत हूक व दांडी लागते आणि त्याच्या घड्या वाळण्यास वेळ लागतो.

## हूकचे प्रकार

* सी-आकाराची कडी – प्लॅस्टिकची, एका बाजूने उघडी व स्वस्त. पडदा झटक्याने ओढल्यास ती निसटू शकते.
* बंद होणारी कडी – टोके एकमेकांत अडकणारी. ती निसटत नाही, परंतु अस्तर काढताना प्रत्येक कडी उघडावी लागते.
* एस-आकाराचा हूक – एक टोक दांडीवर व दुसरे आयलेटमध्ये. पडदा चटकन काढता येतो, मात्र वर उचलला गेल्यास हूक दांडीवरून सुटतो.
* मण्यांचा हूक – दांडीवर टेकणाऱ्या तारेत छोटे धातूचे मणी ओवलेले असतात. मणी फिरत असल्याने घर्षण कमी होते व पडदा सहज सरकतो.
* दुहेरी हूक – दांडीच्या पुढे व मागे एकेक आकडा असतो. पुढच्यावर पडदा व मागच्यावर अस्तर टांगले जाते. धुण्यासाठी अस्तर काढताना पडद्याला हात लावावा लागत नाही.
* हूकविरहित पडदा – पडद्याच्या वरच्या काठातच चिरलेल्या कड्या बसवलेल्या असतात व त्या थेट दांडीवर अडकवल्या जातात. हॉटेलांत हा प्रकार विशेष आढळतो.

नियमित धुण्याचे अस्तर असलेल्या घरात दुहेरी व मणीयुक्त हूक सोयीचे ठरतात. अस्तर काढण्याचे काम जितके सोपे असेल, तितक्या वेळा ते धुतले जाण्याची शक्यता वाढते. हूक विकत घेण्यापूर्वी दांडीचा व्यास मोजणे आवश्यक असते. सर्वसाधारण दांडी १ इंच (२५ मिमी) व्यासाची असते. त्याहून जाड दांडीवर लहान कड्या अडकतात. लांबी बदलता येणाऱ्या दांडीत एक नळी दुसरीत बसवलेली असते. त्या सांध्याच्या कडेवर मण्यांचे हूक अडखळतात.

### हूकचा धातू

स्नानगृहातील दमट हवेत साधे पोलाद लवकर गंजते. क्रोमचा मुलामा असलेला पोलादी हूक आरंभी चकचकीत दिसतो. मात्र आयलेट व दांडी यांच्याशी घासून मुलामा झिजला की उघड्या पडलेल्या जागी गंज धरतो. तो गंज पाण्याबरोबर उतरून पडद्यावर तांबूस डाग पाडतो व हे डाग सहसा निघत नाहीत. ३०४ प्रतीच्या गंजरोधक पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर आपोआप बनतो व ओरखडा पडल्यास पुन्हा तयार होतो. पितळ गंजत नाही, मात्र काळपट पडते. प्लॅस्टिकच्या कड्या गंजत नाहीत, परंतु जड पडद्याच्या भाराने वाकतात व जुन्या झाल्यावर तुटतात. आयलेटही गंजरोधक असणे तितकेच महत्त्वाचे असते.

## दांडी आणि सुरक्षितता

दांडी दोन प्रकारे बसवली जाते. ताणाची दांडी आतील स्प्रिंग किंवा आट्यांच्या साहाय्याने दोन भिंतींमध्ये दाबून बसते. तिला भोके पाडावी लागत नाहीत. भाड्याच्या घरांत ती सोयीची असते, परंतु तिची भारक्षमता मर्यादित असते. स्थिर दांडी भिंतीत स्क्रूने बसवतात व ती जड पडद्यांसाठी योग्य असते. बाहेरच्या बाजूस वक्र असलेली दांडी अस्तराला अंगापासून दूर ठेवते आणि टबात खांद्यांच्या पातळीवर जागा वाढवते. मात्र वक्र दांडीची लांबी सरळ दांडीपेक्षा अधिक असल्याने अरुंद पडदा टोकांना अपुरा पडतो.

शॉवरची दांडी आधारासाठी बनवलेली नसते. तोल जाणारी व्यक्ती हाताशी येणारी पहिली वस्तू पकडते आणि स्नानगृहात ती बहुधा पडदा असते. अशा वेळी हूक निसटतात किंवा ताणाची दांडी खाली येते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २००८ या वर्षी त्या देशात १५ वर्षे व त्यावरील सुमारे २,३४,००० व्यक्तींवर स्नानगृहातील अप्राणघातक इजांसाठी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत उपचार झाले. त्यांपैकी सुमारे ८१ टक्के इजा पडण्यामुळे झाल्या होत्या. वृद्ध किंवा आजारी व्यक्ती असलेल्या घरात भिंतीच्या मजबूत भागात बसवलेली स्वतंत्र आधारदांडी व टबात न घसरणारी चटई आवश्यक मानली जाते.

## पडदा आत ओढला जाणे

शॉवर सुरू करताच हलके अस्तर आतल्या बाजूस फुगून स्नान करणाऱ्याच्या अंगाला चिकटते. या घटनेची अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. एका मतानुसार गरम पाण्याने तापलेली हवा वर जाते व तिची जागा घेण्यासाठी खालून थंड हवा आत शिरताना पडद्याला आत ढकलते. मात्र थंड पाण्यानेही पडदा आत येत असल्याने हे स्पष्टीकरण एकटे पुरेसे ठरत नाही. दुसऱ्या मतानुसार धारेबरोबर वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील डेव्हिड श्मिट यांनी संगणकीय प्रतिमान वापरून असे दाखवले, की पाण्याच्या तुषारांमुळे शॉवरच्या जागेत आडव्या अक्षाचा भोवरा निर्माण होतो. त्याच्या केंद्रस्थानी दाब कमी असतो व तो पडद्याला आत खेचतो. या आंशिक उकलीबद्दल त्यांना २००१ सालचे भौतिकशास्त्रातील इग नोबेल पारितोषिक देण्यात आले. जड अस्तर, खालच्या काठातील वजने, वक्र दांडी आणि टबाची आतली बाजू ओली करून तिला अस्तर चिकटवून घेणे या उपायांनी हा त्रास कमी होतो.

## सूक्ष्मजीव आणि स्वच्छता

अस्तरावर साचणारा पांढरट थर हा साबणातील मेदाम्ले व कठीण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या संयोगाने बनलेला अविद्राव्य पदार्थ असतो. त्यात त्वचेच्या पेशी व अंगावरील तेल मिसळल्याने सूक्ष्मजीवांना अन्न मिळते. २००४ मध्ये 'अप्लाइड अँड एन्व्हायर्न्मेंटल मायक्रोबायॉलॉजी' या नियतकालिकात स्कॉट केली व सहकाऱ्यांनी घरगुती शॉवर पडद्यांवरील अशा थराचा रेण्वीय पद्धतीने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्फिंगोमोनास व मिथिलोबॅक्टेरियम या प्रजातींचे जीवाणू प्रामुख्याने आढळले. निरोगी व्यक्तीला त्यांपासून सहसा अपाय होत नाही. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांना मात्र असे काही जीवाणू संसर्ग करू शकतात. घड्यांमध्ये दिसणारे काळे ठिपके बुरशीचे असतात.

बुरशी रोखण्याचा सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे अस्तर वाळू देणे होय. स्नानानंतर ते गोळा करून न ठेवता पूर्ण पसरवल्यास घड्यांत पाणी राहत नाही. हवा बाहेर टाकणारा पंखा किंवा उघडी खिडकी त्यास साहाय्य करते. पॉलिस्टरचे अस्तर धुलाई यंत्रात इतर कपड्यांप्रमाणे धुता येते. प्लॅस्टिकचे अस्तर थंड किंवा कोमट पाण्यात, सौम्य फेऱ्यात, एकदोन टॉवेलांसह धुतात. टॉवेलांच्या घर्षणाने थर सुटतो. ते यंत्रात उष्णतेने वाळवले जात नाही. क्षारांचा थर पांढऱ्या व्हिनेगरने विरघळतो. बुरशीच्या डागांवर क्लोरीनयुक्त विरंजक वापरला जातो. मात्र हा विरंजक व्हिनेगरमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू आणि अमोनियायुक्त द्रावणात मिसळल्यास क्लोरामाइन वायू निर्माण होतो. बंदिस्त स्नानगृहात हे विशेष धोकादायक असते.

धुऊनही न जाणारे काळे डाग, कडक झालेले प्लॅस्टिक व फाटलेली छिद्रे ही अस्तर बदलण्याची लक्षणे होत. फाटलेल्या एका छिद्राचा भार शेजारच्या दोन छिद्रांवर येत असल्याने त्यानंतरचे फाटणे वेगाने होते.

## आरोग्य आणि पर्यावरण

पीव्हीसी लवचीक करण्यासाठी दीर्घकाळ थॅलेट गटातील संयुगे वापरली गेली. ती प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसल्याने हळूहळू बाहेर पडतात. यांतील काही संयुगे अंतःस्रावी संस्थेच्या कार्यात व्यत्यय आणतात. २००८ मध्ये अमेरिकेतील 'सेंटर फॉर हेल्थ, एन्व्हायर्न्मेंट अँड जस्टिस' या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तपासलेल्या पीव्हीसी पडद्यातून २८ दिवसांत १०८ बाष्पनशील सेंद्रिय संयुगे बाहेर पडल्याचे नमूद केले होते. उद्योगक्षेत्राने व इतर टीकाकारांनी चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. घरातील प्रत्यक्ष वापरात शरीरात जाणारी मात्रा अशा चाचणीवरून थेट ठरत नाही, हा त्या वादातील मुख्य मुद्दा होता.

युरोपीय संघाने चार थॅलेट संयुगांचे एकत्रित प्रमाण बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंत वजनाच्या ०.१ टक्क्याहून कमी ठेवण्याचे बंधन जुलै २०२० पासून लागू केले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वस्त्रप्रावरणांतील पीएफएएस या दीर्घकाळ न विघटणाऱ्या संयुगांवर १ जानेवारी २०२५ पासून निर्बंध आहेत. त्या कायद्यातील वस्त्रवस्तूंच्या व्याख्येत शॉवर पडद्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पाणी झटकणारा लेप दिलेल्या कापडी अस्तरांशी या निर्बंधाचा संबंध येतो.

वापरलेली प्लॅस्टिकची अस्तरे घरगुती पुनर्वापर व्यवस्थेत सहसा स्वीकारली जात नाहीत. पीव्हीसी उघड्यावर जाळल्यास हायड्रोजन क्लोराइड व डायॉक्सिन यांसारखे घातक पदार्थ तयार होतात. दरवर्षी बदलावे लागणारे स्वस्त अस्तर आणि अनेक वर्षे धुऊन वापरता येणारे पॉलिस्टरचे अस्तर यांची तुलना करताना किमतीबरोबर हा कचराही विचारात घेतला जातो.

## भारतातील वापर

भारतीय घरांत बालदी व तांब्या घेऊन स्नान करण्याची पद्धत प्रचलित असून बाथटब क्वचितच असतो. न्हाणीघराची अथवा मोरीची संपूर्ण जमीन भिजणार हे गृहीत धरून फरशीला उतार दिलेला असतो व पाणी जाळीतून वाहून जाते. या जाळीखालील पाणी अडवणाऱ्या भांड्याला भारतीय नळकामात 'नहाणी ट्रॅप' हे नाव आहे. अशा रचनेत जमिनीवर पडणारे पाणी ही अमेरिकी घराइतकी गंभीर समस्या नसते.

पाश्चात्त्य पद्धतीचे शौचकूप व स्नानाची जागा एकाच खोलीत असलेल्या सदनिकांत मात्र शौचकुपाभोवतीची जमीन कोरडी ठेवण्यासाठी पडदा वापरला जातो. टब नसल्याने येथे अस्तर व शोभेचा पडदा अशी जोडी सहसा नसते. जमिनीपर्यंत पोहोचणारा सुमारे ७ फूट लांबीचा एकच जलरोधक पडदा लावतात. शॉवरच्या जागेभोवती ग्रॅनाइटचा ठेंगणा उंबरा असल्यास पडद्याचा काठ त्याच्या आतल्या बाजूस राहणे आवश्यक असते. उंबरा नसल्यास उताराची दिशाच निर्णायक ठरते : उतार पडद्याबाहेर असेल, तर उत्तम पडदाही पाणी रोखू शकत नाही.

कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर खारी व दमट हवा मुलाम्याच्या हूकना लवकर गंजवते. पावसाळ्यात तेथे पडदे वाळण्यास अधिक वेळ लागत असल्याने बुरशी त्वरेने वाढते. दख्खनच्या पठारावर बोअरवेलचे कठीण पाणी वापरणाऱ्या घरांत पडद्यावर क्षारांचा थर ठळकपणे दिसतो. पहिल्या परिस्थितीत गंजरोधक पोलादाचे वा प्लॅस्टिकचे हूक व लवकर वाळणारे कापड, तर दुसरीत वारंवार धुता येणारे गुळगुळीत अस्तर अधिक उपयुक्त ठरते.

## लोकप्रिय संस्कृतीत

आल्फ्रेड हिचकॉक दिग्दर्शित 'सायको' (१९६०) या चित्रपटातील स्नानगृहातील हत्येच्या प्रसंगामुळे शॉवरचा पडदा ही भयपटांतील परिचित वस्तू बनली. प्रसंगाच्या अखेरीस जॅनेट ली यांनी साकारलेली मॅरियन क्रेन कोसळताना पडदा घट्ट पकडते आणि तो तिच्या भाराने एकामागून एक कड्यांतून निसटत जातो.

## हे सुद्धा पहा

* बाथटब
* पॉलिव्हिनाइल क्लोराइड
* बुरशी
* कठीण पाणी
* इग नोबेल पारितोषिक